लाल व्याळ आणि अखंड लाकडाची पळी

एका राज्यात डोंगर फार होते आणि सपाटी थोडी, मेंढ्या फार होत्या आणि माणसे थोडी. धुके मात्र सर्वांना पुरून उरत असे. राज्याच्या मधोमध एक टेकडी होती आणि टेकडीच्या पोटात लाल व्याळ राहत असे. व्याळ म्हणजे पंख फुटलेला, आग ओकणारा महासर्प. तो निजला की वरची जमीन कोमट होई, म्हणून मेंढपाळ थंडीत मेंढ्या त्याच उतारावर बसवीत. राज्यावर परचक्र आले की व्याळ बाहेर पडे, शत्रूला जाळी आणि पुन्हा जाऊन निजे. याचे कोणालाच नवल वाटत नसे. नवल वाटावे असे पुढे घडले, आणि ते व्याळाने नव्हे, माणसाने केले.

त्या राज्याच्या दोन रीती आधी सांगितल्या पाहिजेत, नाहीतर कथा लंगडी पडेल.

पहिली रीत लीकची. लीक ही कांद्याच्या कुळातली भाजी, पांढऱ्या दांड्याची आणि रुंद हिरव्या पातीची. त्या राज्यात सगळेच मेंढीच्या कातड्याचे डगले घालत, आणि त्यांचे शत्रूही तसलेच डगले घालत. धुक्यात आपला कोण, परका कोण हे कसे कळावे? म्हणून लढाईला निघताना प्रत्येक जण आपल्या परसातली लीक उपटून टोपीत खोवी. माणूस पात पाहून ओळखे, व्याळ वास घेऊन ओळखे. कोणी मेले तर थडग्याच्या उशाशीही लीक लावीत, म्हणजे पलीकडच्या पूर्वजांनी आपले माणूस ओळखून आत घ्यावे.

दुसरी रीत पळीची. तरुण मुलगा हिवाळाभर बसून एका अखंड लाकडातून पळी कोरी. तिच्या दांड्याला लाकडाचीच साखळी असे, पण एकाही कडीला जोड नसे. ती पळी तो मनातल्या मुलीला देई आणि म्हणे, "घे. माझ्या चुलीवरचे ते तुझे." तिने घेतली की लग्न ठरले. पोरके मूल घरात घेतले तर त्यालाही पळी देत. पळी दिलेले माणूस परके राहत नाही, आणि दिलेली पळी परत घेता येत नाही. अशी ती रीत होती.

त्या राज्यावर मादोग नावाचा तरुण राजा राज्य करू लागला. तो लहानपणी परक्या दरबारांत वाढला होता. तिथल्या सेनापतींच्या शिरस्त्राणांवर सोन्याचे तुरे पाहून त्याचे डोळे दिपले होते. आपले सैनिक डोक्यात भाजी खोवतात, याची त्याला भारी लाज वाटे. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात, ती अशा पावलांनी घरात येते. त्याने आज्ञा काढली की राज्यातली लीक उपटून जाळावी, आणि सैनिकांनी टोपीवर सोन्याचे पाणी दिलेला बिल्ला लावावा.

त्याचा धाकटा भाऊ रून हार्प वाजवीत असे. हार्प म्हणजे उभे ठेवून वाजवायचे तंतुवाद्य. रून म्हणाला, "दादा, धुक्यात सोने दिसत नाही. आणि त्याला वासही नाही."

राजा म्हणाला, "माझी सेना आहे. भाजीबाजार नव्हे."

रून गप्प राहिला. धाकटे भाऊ गप्प राहतात, तिथेच राज्ये बुडतात.

त्याच वर्षी समुद्रापलीकडून लुटारू आले आणि त्यांच्या गलबतांवर छाया धरून पांढरा व्याळ आला. मादोगाची सेना दोन फळ्या करून निघाली, एकीपुढे राजा, दुसरीपुढे रून. दरीत धुके उतरले. दोन्ही फळ्यांना समोर डगले दिसले. बिल्ला एकही चमकला नाही. मग आपलेच दात आणि आपलेच ओठ झाले. लाल व्याळ आरोळी ऐकून बाहेर आला, त्याने वास घेतला, पण लीकचा वास कुठेच येईना. कोणाला जाळावे हे त्याला कळले नाही. त्याने दोन्हीकडच्यांना जाळले, आणि करपलेल्या कातड्यांत आपली माणसे पाहून तो लाजेने टेकडीच्या तळाशी जाऊन निजला. मादोगाने धुक्यात एका उंच माणसाच्या छातीत भाला घातला. तो माणूस कोसळताना "दादा" म्हणाला.

राजमाता अंगारद हिला मंत्रविद्या येत होती. रूनचे प्रेत टेकडीजवळ आणले तेव्हा ती रडली नाही. ती म्हणाली, "ज्या राज्यात भावाला भाऊ ओळखू येत नाही, तिथे कोणालाच कोणी ओळखू येऊ नये. व्याळाला आपले माणूस दिसेपर्यंत असेच चालू दे. मादोग, तू मात्र सर्वांना ओळखशील."

एवढे बोलून तिने समोरच्या माणसाकडे पाहिले आणि विचारले, "आपण कोण?"

तेव्हापासून त्या राज्याचे जे झाले ते शत्रूचेही होऊ नये. आई लेकराला पाजायला घेई आणि हे कोणाचे म्हणून खाली ठेवी. एका अंथरुणातून उठलेली माणसे सकाळी एकमेकांची क्षमा मागत आणि दोन दारांनी बाहेर पडत. राजवाड्याच्या पहारेकऱ्यांनी राजाला भिकारी समजून हाकलले. पाहता पाहता गावोगावी एकच शहाणपण पसरले की परक्याला दार उघडू नये. आणि परके तर सारेच होते. किनाऱ्यावर लुटारू आपली घरे बांधीत राहिले. त्यांना कोणी हटकले नाही.

डोंगरउतारावर एका दगडी घरात तेगवेन नावाची मेंढपाळीण आणि तिचा नवरा इदवल राहत होते. शाप लागला त्या सकाळी तेगवेन उठली, तो चुलीपाशी एक अनोळखी पुरुष लाकडे सारीत होता. तो दचकला. त्याने मान खाली घातली.

"बाई, क्षमा करा," तो म्हणाला. "मी वाट चुकलो असेन."

"हरकत नाही," तेगवेन म्हणाली. "पण माझ्या घरात पुरुष माणूस नाही. आपण जावे."

"जातो. चूल पेटली आहे, विझू देऊ नका."

तो गेला. तिने दाराला अडसर घातला. मग चुलीवर पातेले ठेवताना तिची नजर भिंतीवर गेली. तिथे एक पळी टांगलेली होती. तिच्या दांड्याला अखंड साखळी होती आणि टोकाशी मेंढीचे शिंग कोरले होते. तेगवेनने पळी हातात घेतली. पळी आहे त्याअर्थी ती कोणीतरी दिली होती. ज्याने दिली त्याला तिने आत्ताच घालवून दिले होते. ती धावत बाहेर आली, पण धुक्यात कोणी दिसले नाही. हाक मारायला तोंड उघडले, तर नाव आठवेना.

ती उंबऱ्यावर बसून रडत होती तेव्हा छपरावर एक लाल घार येऊन बसली. घार म्हणाली, "बाई, रडून धुके निवळत नाही."

"तुला शाप लागला नाही?"

"मी वरून पाहते. मला तोंडे दिसत नाहीत, टोप्या दिसतात. तोंडे विसरून माझे काय गेले?"

"मग माझा नवरा कोणत्या वाटेने गेला ते सांग."

"पूर्वी सांगितले असते. एकेकाच्या परसातली लीक मला ठाऊक होती. आता सगळ्या टोप्या सारख्या." घारीने पंख साफ केला. "व्याळ उठल्यावाचून शाप फिटणार नाही. त्याला तीन गोष्टी लागतील. ओळखीचा सूर, म्हणजे रूनचा हार्प. ओळखीचा वास, म्हणजे लीक. तिसरी गोष्ट तो स्वतः मागेल."

तेगवेनने चूल राखेने झाकली, पळी कमरेला बांधली आणि निघाली.

लढाईनंतर रूनचा हार्प काळ्या तळ्यातल्या एका मांत्रिकाच्या हाती लागला होता, असे घारीने सांगितले. तो पाण्याखाली राहत असे आणि बोलायला वर येत असे. तारा तुटलेला हार्प त्याने मांडीवर घेतला आणि तेगवेनच्या कमरेकडे पाहिले.

"ती पळी दे आणि हार्प घे."

"पळी देणार नाही. नवरा शोधायची माझ्याकडे तेवढीच खूण आहे."

"मग केस दे. तारा त्यांच्या करतो."

तिने केस कापून दिले. मांत्रिकाने हार्पाला ते ताणून बांधले, आणि त्यांतून गोड सूर निघाला. त्याच क्षणी तिच्या डोक्यावर नवे केस उगवले, ते पांढरेशुभ्र उगवले. तळ्यातल्या पाण्यात तिने स्वतःला पाहिले आणि तिला आणखी एक परके माणूस दिसले.

लीक मात्र राज्यात कुठे उरली नव्हती. राजाज्ञा इतक्या नेकीने पाळण्याचे त्या लोकांना तेवढेच एक प्रकरण सापडले होते. उंच खिंडीपलीकडे एका मेलेल्या संन्याशाची वाडी होती. तिथवर राजाचे शिपाई थंडीमुळे पोचले नव्हते, असे घार म्हणाली. तेगवेन बर्फ तुडवीत वर चढली. वाटेतल्या प्रत्येक घराचे दार तिने वाजवले आणि प्रत्येक दारामागून "पुढे जा" असे उत्तर आले. वाडीत बर्फ उकरल्यावर तिला हिरवी टोके दिसली. खाली पांढरे गड्डे होते, काही लांबट, काही गोल. तिने सगळेच उपटले आणि ओच्यात बांधले. गारठ्याने तिचे नाक बधिर झाले होते. वास घेऊन पाहायचे तिला सुचले नाही.

उतरताना खिंडीतल्या कपारीत तिला एक पुरुष बसलेला दिसला. ती बोलली, तो बोलला नाही. तो गोठून मेला होता. त्याच्या एका हातात चाकू होता आणि दुसऱ्या हातात अर्धवट कोरलेली पळी. बिचाऱ्याला कोणासाठी कोरतो हे ठाऊक नसावे, पण हातांना सवय होती. साखळीच्या थोड्याच कड्या सुटल्या होत्या, आणि टोकाशी मेंढीच्या शिंगाचे पहिले वळण दिसत होते.

ऐकणाऱ्याला जे कळले ते तेगवेनला कळले नाही. तिने ते वळण पाहिले, स्वतःच्या कमरेची पळी पाहिली, आणि तिला काहीच सारखे वाटले नाही. शाप म्हणतात तो हाच.

तिला एवढेच वाटले की कुठेतरी कोणी मुलगी याची वाट पाहत असेल. माणूस परका असला तरी कोल्ह्यांच्या तोंडी टाकून कसे जायचे? तिने त्याच्यावर दगड रचले, अर्धी पळी त्याच्या छातीशी ठेवली, आणि रीतीप्रमाणे उशाशी लीक म्हणून ओच्यातले गोल गड्डे पुरले. "याला आत घ्या," ती पूर्वजांना म्हणाली. "हा आपलाच आहे." मग ती खाली उतरली.

टेकडीच्या पोटात व्याळ विझलेल्या भट्टीसारखा पडून होता. तेगवेनने हार्प छेडला. व्याळाची शेपटी हलली. तिने लीकची पात त्याच्या नाकपुडीशी धरली. व्याळाने एक डोळा उघडला.

"सूर आला," तो म्हणाला. "वासही आला. माझी माणसे अजून आहेत?"

"आहेत."

"मग आवाज का येत नाही? भांडणाचा, लग्नाचा, कसलाच येत नाही. जा, एक माणूस असे आण, की जे दुसऱ्या कोणाचे आहे. मी एकच मागतो. खोटे आणलेस तर मला कळेल."

तेगवेन गावांतून हिंडली. दारोदारी विचारत गेली, "बाबा, तुम्ही कोणाचे?" कोणी दार उघडले नाही; जे अंगणात होते ते आत गेले. एका विहिरीवर एक म्हातारी रिकामी घागर घेऊन बसली होती. तिला विचारले, तर ती म्हणाली, "मला दोन मुलगे होते असे वाटते. पण बाई, तसे सगळ्यांनाच वाटते." तेगवेनच्या मनातली शेवटची आशा तिथे मावळली. साऱ्या राज्यातून एक माणूस आणायचे होते आणि साऱ्या राज्यात एकही नव्हते.

ती टेकडीपाशी परतली. कोमट उतारावर रूनचे थडगे होते आणि थडग्याशी एक भिकारी नेहमी बसलेला असे. उरलेली लीक घालून तिने तिथेच रस्सा रांधला आणि वाडगाभर त्याच्यापुढे ठेवला. त्याच्याकडे पळी नव्हती. तो बोटे बुडवून खाऊ लागला आणि वास येताच थांबला.

"ही कुठे मिळाली?" त्याने विचारले. "मी तर सारी जाळली होती."

तेगवेनने त्याच्याकडे पाहिले. "तू कोण?"

"मी मादोग. या राज्याचा राजा. सांगितले की लोक हसतात, म्हणून सांगत नाही."

तेगवेन हसली नाही. तिच्या हातात गरम पातेले होते, आणि ते त्याच्या तोंडावर फेकावे असे तिला वाटले. घर, नवरा, स्वतःचे काळे केस, सारे या माणसाच्या एका बिल्ल्याच्या हौसेपायी गेले होते.

"तुला माणसे ओळखू येतात म्हणे," ती म्हणाली.

"येतात. माझी आई रोज त्या विहिरीवर येते. मी घागर भरून देतो. ती मला बाबा म्हणते आणि पुढे जाते."

तो पुन्हा बोटांनी खाऊ लागला. रस्सा कढत होता, त्याची बोटे भाजत होती, तरी तो खात होता. तेगवेन पाहत राहिली. तिच्या मनात आले की या राज्यात कोणाचेच नसलेले माणूस शोधायचे म्हटले तर ते हेच. आपण पळी कमरेला बांधून हिंडतो खरे. पण नवरा वाटेत आडवा आला तरी आपण त्यालाही "पुढे जा" म्हणणार. तिने पळी सोडली. ती हातात धरून ती बराच वेळ रडली, कारण ही गेली की आपला माणूस कायमचा गेला हे तिला ठाऊक होते.

मग तिने पळी पुढे केली.

मादोगाने हात मागे घेतला. "मला देऊ नकोस. मी भावाला मारले आहे."

"ठाऊक आहे."

"तुझाही कोणी माझ्यामुळे हरवला असेल."

"तेही ठाऊक आहे. बोटे भाजताहेत तुझी. घे, दादा. माझ्या चुलीवरचे ते तुझे."

त्या शब्दाने मादोगाच्या तोंडचे सारे रक्त उतरले. त्याने दोन्ही हातांनी पळी घेतली.

टेकडी दुभंगली. व्याळ बाहेर आला, लालभडक, आणि त्याने उंच मान करून वास घेतला. "आहे," तो म्हणाला. "एक आहे." त्याने पंख उघडले तसे धुके चिंध्यांसारखे उडाले. तो किनाऱ्याकडे गेला. पांढऱ्या व्याळाने त्याला येताना पाहून पाठ फिरवली आणि लुटारूंची गलबते त्याच्यामागून समुद्रात पळाली. गावोगावची दारे उघडली. अंगणाअंगणांतून नावे ऐकू येऊ लागली. आपापली लेकरे हुडकताना एवढी रडारड झाली, की मेंढ्या घाबरून डोंगर चढल्या.

विहिरीवरून अंगारद उठली आणि थडग्यापाशी आली. एका मुलाचे थडगे आणि दुसरा मुलगा, दोघांनाही तिने ओळखले. मग म्हणाली, "मादोग, किती वाळलास."

आणि तेगवेनला इदवल आठवला. त्याचे नाव आठवले, चुलीत लाकडे सारताना वाकलेली त्याची पाठ आठवली, आणि त्याच क्षणी कपारीतला चेहरा आठवला. ती तिथेच पातेल्यापाशी खाली बसली. साऱ्या राज्यात त्या वेळी आनंद होता. तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, एका मादोगावाचून.

राज्याची घडी पुन्हा बसली. सोनेरी बिल्ले वितळवून त्यांच्या मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा केल्या. हिरव्या-पांढऱ्या पटावर लाल व्याळ काढून तो निशाण म्हणून गडावर चढवला. प्रत्येक परसात लीक लागली, आणि तेगवेनच्या केसांच्या तारा असलेला हार्प राजसभेत वाजू लागला. राजा जेवताना साधी लाकडी पळी वापरत असे, आणि परक्या दरबारांतून आलेल्या वकिलांनी हसू दाबले तरी त्याला आता लाज वाटत नसे. तेगवेनला काय हवे ते माग, असे त्याने पुष्कळदा विचारले. ती म्हणे, "बर्फ वितळू दे."

बर्फ वितळला तेव्हा ती खिंडीकडे निघाली. मादोग तिच्याबरोबर पायी चालला. वर दगडच दगड होते, दरडी कोसळून कपारी बुजल्या होत्या, आणि कोणते दगड आपण रचले हे तिला सांगता येईना. नवऱ्याला ती दुसऱ्यांदा हरवून बसली होती. मग लाल घार एका जागी घिरट्या घालू लागली. तिथे दगडांतून हिरवी पाती वर आली होती आणि त्यांवर पिवळी, कर्ण्याच्या आकाराची फुले डुलत होती. लीकला असली फुले येत नाहीत. गारठ्यात तिने लीक म्हणून भलतेच गड्डे पुरले होते. डॅफोडिल म्हणतात त्याला. लीक असती तर हिरवी पात त्या गवतात मिसळून गेली असती. चुकले होते म्हणून सापडले.

तेगवेन त्या फुलांपाशी बसली. तिने मादोगाला जवळ बोलावले, जशी कोणी बाई माहेरचे माणूस आले की घरधन्याची गाठ घालून देते.

"दादा," ती म्हणाली, "हा माझा नवरा. इदवल."

राजाने टोपी काढली. तिच्यात खोवलेली लीक त्याने फुलांशेजारी ठेवली आणि मान लववली.

त्या राज्यात अजूनही वसंताच्या तोंडावर एक सण येतो. त्या दिवशी कोणी छातीवर लीक लावतो, कोणी पिवळे फूल लावतो, आणि यांतली खरी खूण कोणती यावर घराघरांत कडाक्याचे भांडण होते. भांडू देत. भांडणारे एकमेकांना नावाने हाक मारतात, आणि टेकडीखाली व्याळ ते ऐकत सुखाने निजलेला असतो.